सिग्मा डीपी मेरिल : बटण दाबण्याआधीपासून टिफ फाइल हातात येईपर्यंत

सिग्मा कंपनीचा डीपी मेरिल हा छोटा कॅमेरा घेतलेल्यांच्या तक्रारी साधारण ठरलेल्या असतात. सावलीत हिरवे-जांभळे डाग आले. ढगाच्या कडेला पिवळट करडा पट्टा उमटला. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद) नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतच नाही. आणि सगळ्यांत जास्त वेळा कानावर येणारी तक्रार : "एवढं ऐकलं होतं, पण माझा फोटो मऊच दिसतोय." मऊ म्हणजे धार नसलेला. या चारही गोष्टी मी माझ्या स्वतःच्या फायलींत पाहिल्या आहेत. चारही वेळा कुठली तरी पायरी गाळली होती, नाहीतर पुढची पायरी आधी उरकली होती.

लेख लिहिताना डीपी२ मेरिल समोर ठेवला आहे : ३० मिमीची न बदलणारी लेन्स, जुन्या फिल्मच्या मापात साधारण ४५ मिमी. डीपी१ (१९ मिमी) आणि डीपी३ (५० मिमी) यांनाही जवळपास सगळं तसंच लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे सांगतो. डीपी क्वाट्रो ही मेरिलनंतरची मालिका; ती असलेल्यांसाठी शेवटी वेगळा मजकूर आहे.

## सुरुवातीला सेन्सरची एक गोष्ट समजून घ्या

बाकीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच काच असते आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरले जातात. मेरिलच्या फोव्हिऑन सेन्सरमध्ये एकाच जागी तीन थर एकाखाली एक आहेत. निळा प्रकाश सिलिकॉनमध्ये वरच्या वरच शोषला जातो, हिरवा थोडा खोल जातो आणि लाल सगळ्यांत खोल. त्यामुळे ४७०४ × ३१३६ पैकी प्रत्येक जागी तिन्ही रंगांची मोजणी प्रत्यक्ष होते. बारकावे येतात ते इथून.

डोकेदुखीही इथूनच येते. थरांमध्ये रंग स्वच्छ वेगळे होत नाहीत. वरच्या थरात निळ्याबरोबर हिरवा आणि थोडा लालही अडकतो. मग खरा रंग काढण्यासाठी सॉफ्टवेअरला थरांची भरपूर वजाबाकी करावी लागते, आणि त्या वजाबाकीत नॉइज (चित्रातले नको असलेले दाणे आणि डाग) फुगतो. प्रकाश भरपूर असला की हे कळतही नाही. प्रकाश तोकडा पडला की सावलीत हिरवे-जांभळे डाग दिसायला लागतात. खालच्या जवळपास सगळ्या सूचनांचं मूळ या एका कारणात आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

## १. निघण्याआधीची तयारी

बॅटऱ्या मोजून घ्या. बीपी-४१ ही छोटी बॅटरी एका चार्जमध्ये जेमतेम शंभरएक फोटो देते, आणि तेही हात आखडता ठेवला तर. डीपी१ आणि डीपी२ मेरिलच्या खोक्यात कंपनीनंच दोन बॅटऱ्या दिल्या होत्या, यावरून काय ते समजा. दिवसभर बाहेर राहायचं असेल तर चार घ्या. भरलेल्या एका कप्प्यात, संपलेल्या दुसऱ्यात. थंडीत भरलेल्या बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा.

वेगवान कार्ड घ्या, पण चमत्काराची अपेक्षा नको. एक रॉ फाइल साधारण ५० एमबीच्या घरात जाते, त्यामुळे ३२ जीबीच्या कार्डावर सहाशेच्या आसपास फोटो बसतात. कार्ड कितीही वेगवान असलं तरी फाइल लिहायला कॅमेरा त्याचा वेळ घेतोच.

ट्रायपॉड. कॅमेरा हलका आहे, त्यामुळे ट्रायपॉडही हलका चालतो. मात्र वारा असेल तर मधला दांडा वर काढू नका.

लेन्सची समोरची काच तपासा. बोटाचा एक ठसा राहिला तर उजेडाच्या दिशेनं काढलेला प्रत्येक फोटो धुरकट येतो. फिल्टर लावत असाल तर डीपी१ आणि डीपी२ ला ४९ मिमी, डीपी३ ला ५२ मिमी.

> तपासा : बॅटरी आणि कार्ड एकाच झाकणाखाली आहेत. कार्डाचा दिवा लुकलुकत असताना ते झाकण उघडायचं नाही. घाईत बॅटरी बदलताना फाइल गमावण्याचा हा हमखास रस्ता आहे.

## २. कॅमेऱ्यातल्या सेटिंग : एकदाच लावा आणि विसरा

फाइलचा प्रकार रॉ ठेवा. जेपेग सोबत घेतलं तर लिहायला आणखी वेळ लागतो, आणि या कॅमेऱ्याचं जेपेग पाहून त्याच्या रॉबद्दल काहीच मत बनवता येत नाही.

आयएसओ (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) हातानं ठरवा, ऑटो बंद. रंगीत फोटोसाठी १०० किंवा २००. फारच निकड असेल तर ४००. त्यापुढे रंगीत फोटो काढायचाच असेल तर दुसरा कॅमेरा उचला, हे मी अगदी मनापासून सांगतो. ६४०० पर्यंतचे आकडे मेन्यूत दिसतात म्हणून ते वापरण्याजोगे ठरत नाहीत.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार पांढरं पांढरं दिसावं यासाठीचं सेटिंग) उन्हाच्या खुणेवर पक्का करा. रॉमध्ये तो नंतर बदलता येतो, तरीही ऑटोवर ठेवला तर एकाच जागेच्या दहा फोटोंना दहा वेगवेगळ्या झाका येतात आणि पुढे एकत्र प्रक्रिया करताना जीव मेटाकुटीला येतो.

कलर मोड न्यूट्रल किंवा स्टँडर्ड. मागच्या पडद्यावरचं चित्र आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख : डावीकडे अंधारं, उजवीकडे उजळ) त्या मोडप्रमाणे बनतात. व्हिव्हिड ठेवलात तर हिस्टोग्राम उगाच घाबरवतो आणि तुम्ही फोटो अंधारा काढून बसता.

फोकसची चौकट फ्री मूव्ह मोडमध्ये टाका आणि आकार सगळ्यांत लहान निवडा. मोठ्या चौकटीत कॅमेरा स्वतःच्या सोयीची कड शोधतो, आणि ती तुम्हाला हवी असलेली कड असेलच असं नाही.

आयएसओ आणि मीटरिंग (कॅमेऱ्यानं उजेड मोजण्याची पद्धत) क्यूएस म्हणजे झटपट सेटिंगच्या बटणावर असू द्या. मीटरिंग इव्हॅल्युएटिव्ह ठीक आहे.

## ३. विषय आणि उजेड

इथे थोडक्यात. पळणारी मुलं, उडणारे पक्षी, रात्रीचे कार्यक्रम यांसाठी हा कॅमेरा नाही. दगडी भिंत, झाडाची साल, गवत, गंजलेलं लोखंड, विणलेलं कापड, दूरवरचं रान, शांत बसलेला माणूस हे त्याचे विषय. उजेड मऊ पण भरपूर हवा. पातळ ढगांआडचं ऊन सर्वांत उत्तम. पिवळ्या दिव्याच्या खोलीत निळा प्रकाश मुळातच कमी असतो, तिथे निळ्या रंगात नॉइज लगेच उसळतो. तशा जागी कृष्णधवलचा विचार आधीच करून ठेवा.

## ४. कॅमेरा स्थिर करणं

"माझा फोटो मऊच दिसतोय" या तक्रारीचं उत्तर दहापैकी आठ वेळा इथे सापडतं.

या सेन्सरचा एक पिक्सेल ५ मायक्रॉनचा आहे. वर लो-पास फिल्टर नाही, म्हणजे बारीक तपशील जाणूनबुजून पुसट करणारा थर नाही. कॅमेऱ्यात हलण्यावर कुठलाही उपाय बसवलेला नाही. अशा वेळी "एक भागिले लेन्सची लांबी" इतक्या सेकंदांचं शटर, हा जुना नियम पुरत नाही. ४५ मिमीला १/४५ सेकंदावर काढलेला फोटो छोट्या पडद्यावर छान दिसेल, पण शंभर टक्क्यांवर उघडला की प्रत्येक फांदीला जुळी फांदी दिसेल.

माझे शटरचे आकडे (सेकंदांत) असे आहेत :

- डीपी१, हातात : किमान १/१००
- डीपी२, हातात : किमान १/१२५, खात्री हवी तर १/२५०
- डीपी३, हातात : किमान १/२५०
- याहून हळू काहीही असेल तर ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर

या कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडर नाही. मागचा पडदा बघायला हात लांब करून धरला की थरथर दुप्पट होते. कोपरं फासळ्यांना टेकवा, पट्टा मानेत घालून पुढे ताणून धरा, श्वास अर्धा सोडून बटण हळूच दाबा. शटर लेन्सच्या आतच आहे आणि जवळपास निःशब्द आहे, त्याचा धक्का बसत नाही. फोटो हलतो तो बोटानं.

माझं स्वतःचं एक उदाहरण. पोपडे सुटलेला एक जुना लाकडी दरवाजा होता, कडीपासून चौकटीपर्यंत कोळ्याचा एकच धागा ताणलेला. १/६० वर हातात धरून चार फोटो काढले आणि पडद्यावर पाहून खूश होऊन निघालो. घरी उघडले तर चारांतल्या एकातही धागा नव्हता, नुसती धुकट रेघ. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ट्रायपॉडवर, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/५.६ ला ठेवून, टायमर लावून काढला. धागा आला, त्यावर अडकलेले धुळीचे कणही आले. दोन्ही दिवशी कॅमेरा, उजेड, आयएसओ तेच होते. या दरवाज्याचा उल्लेख पुढेही येईल.

> इशारा : एफ/२.८ वर सगळ्यांत वेगवान शटर मिळत नाही. भर उन्हात ॲपर्चर पूर्ण उघडून काढायचं ठरवलं तर शटरची कमाल मर्यादा आधी लागते आणि फोटो पांढरा होतो. तिथे एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा किंवा ॲपर्चर लहान करा.

## ५. फोकस आणि ॲपर्चर

एफ/४ ते एफ/५.६ ही या लेन्सची सगळ्यांत धारदार जागा. जवळपासून दूरपर्यंत स्पष्टता हवी असेल तर एफ/८ पर्यंत बिनधास्त जा. एफ/११ पासून डिफ्रॅक्शनमुळे (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरल्यानं) बारकावे हळूहळू विरतात, आणि एफ/१६ ला तर या कॅमेऱ्याचं वेगळेपणच हरवतं.

डेप्थ ऑफ फील्डच्या (कुठून कुठपर्यंत स्पष्ट दिसेल ते सांगणाऱ्या) नेहमीच्या तक्त्यांवर इथे भरवसा ठेवू नका. ३० मिमी लेन्स, एफ/८, आणि तक्त्यात धरलेलं ०.०२ मिमीचं अस्पष्टतेचं वर्तुळ, एवढ्यावर हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केला की त्याच्या निम्म्यापासून क्षितिजापर्यंत स्पष्ट येतं) सुमारे ५.६ मीटर येतं. म्हणजे २.८ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट, असं तक्ता म्हणतो. पण ०.०२ मिमी म्हणजे चार पिक्सेलांची रुंदी झाली. मेरिलसाठी निदान ०.०१ मिमी धरा. मग तेच अंतर ११ मीटरच्या पुढे जातं आणि स्पष्टता ५.६ मीटरपासून सुरू होते. समोरचा दगड आणि मागचा डोंगर दोन्ही एका फोटोत काटेकोर धारदार येतील ही आशा बरेचदा सोडावी लागते. कशाला प्राधान्य द्यायचं ते ठरवा आणि फोकस तिथेच करा.

क्रम असा ठेवा :

1. लहान चौकट विषयाच्या अशा भागावर न्या जिथे उजेड-अंधाराची ठळक कड आहे. सपाट रंगावर कॅमेरा नुसता मागेपुढे करत बसतो.
2. बटण अर्धं दाबून फोकस घ्या.
3. ट्रायपॉडवर असाल तर मॅन्युअल फोकसवर जा, पडद्यावर चित्र मोठं करा आणि रिंग अगदी थोडी फिरवून खात्री करा.
4. मंद उजेडात पडद्यावरचं चित्रच दाणेदार आणि अडखळतं होतं. तिथे विषयावर टॉर्च मारून फोकस घ्या, मग टॉर्च बंद करून फोटो काढा.

दूरच्या दृश्यासाठी पडद्यावरच्या अंतराच्या पट्टीवर अनंताची खूण गाठून थांबू नका. दूरच्या एखाद्या झाडावर किंवा खांबावर प्रत्यक्ष फोकस घ्या.

## ६. एक्स्पोजर

दोन्ही बाजूंना दरी आहे, म्हणून इथे सावकाश.

वरच्या बाजूला : हायलाइट (फोटोतले सगळ्यांत उजळ भाग) जळायला लागले की तिन्ही थर एकदम भरत नाहीत. एक आधी भरतो, दुसरा नंतर. त्या मधल्या पट्ट्यात रंगाचं गणित चुकतं आणि सूर्याजवळच्या ढगाला किंवा चकाकणाऱ्या पाण्याला पिवळट, करडी किंवा हिरवट कड येते. पांढरं फटक झालेलं डोळ्यांना एक वेळ चालतं, हा घाणेरडा पट्टा चालत नाही.

खालच्या बाजूला : हायलाइटच्या भीतीनं फोटो दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) अंधारा काढलात आणि नंतर उचललात, तर सावलीत डाग येतात. इतर कॅमेऱ्यांवर "अंधारा काढा, सावल्या मागून उघडा" ही सवय लागली असेल तर ती मेरिलसाठी बाजूला ठेवा.

म्हणून पद्धत अशी. मीटर जे सांगेल त्यावर पहिला फोटो. हिस्टोग्राम पाहा. त्याचं उजवं टोक भिंतीला चिकटलं असेल तर −०.३ किंवा −०.७ करा. भिंतीपासून दूर असेल तर +०.३ नं वाढवा. उजवं टोक भिंतीच्या अगदी जवळ पण न चिकटता थांबलं पाहिजे. उन्हात पडदा नीट दिसत नाही, तेव्हा चित्राच्या उजळपणावरून काही ठरवू नका.

प्रसंग महत्त्वाचा असेल तर तीन फोटोंचं ब्रॅकेटिंग (एकच दृश्य वेगवेगळ्या एक्स्पोजरनं) लावा, ०.७ स्टॉपच्या अंतरानं. कॅमेऱ्याच्या बफरमध्ये (कार्डावर लिहिण्याआधीच्या तात्पुरत्या साठ्यात) सात रॉ बसतात, म्हणजे असे दोन संच सलग निघतात आणि मग थांबावं लागतं.

आकाश आणि जमीन यांत फार मोठा फरक असेल तर एका फोटोत दोन्ही पकडायचा हट्ट करू नका. ट्रायपॉडवर दोन फोटो काढून नंतर जोडा, नाहीतर उजेड बदलेपर्यंत थांबा. मला थांबणं जास्त आवडतं. या कॅमेऱ्यानं मला जागेवर उभं राहायची सवय लावली आहे.

> तपासा : पुढच्या जागी जाण्याआधी एक फोटो पूर्ण मोठा करून कडा पाहा. फाइल लिहून होईपर्यंत तो नीट बघता येत नाही. ते दहा-बारा सेकंद शांतपणे जाऊ द्या.

सलग बराच वेळ पडदा चालू ठेवला की कॅमेरा तापतो, आणि तापलेल्या सेन्सरवर नॉइज वाढतो. लांब एक्स्पोजर घेण्याआधी दोन-चार मिनिटं तो बंद ठेवा.

## ७. फायली उतरवणं

कार्ड बाहेर काढून रीडरनं उतरवा, बॅटरी वाचते. मूळ एक्स३एफ (सिग्माच्या रॉ) फायलींची एक प्रत ताबडतोब दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि त्या प्रतीला कधी हात लावू नका. सिग्मा फोटो प्रो हे कंपनीचं सॉफ्टवेअर तुमचे बदल मूळ एक्स३एफमध्येच साठवू शकतं, त्यामुळे अस्पर्श प्रत वेगळी असलेली बरी.

लाइटरूम मेरिलची एक्स३एफ उघडत नाही. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा कार्डात दोष शोधू नका. सिग्मा फोटो प्रो (यापुढे एसपीपी) मोफत आहे, ते घ्या. मॅक असेल तर इरिडियंट डेव्हलपरही या फायली उघडतो. मी एसपीपीच वापरतो, कारण थरांमधून रंग काढण्याचं काम त्यातून सगळ्यांत विश्वासानं होतं असा माझा अनुभव आहे. ते संथ आहे. चहा घेऊन बसा.

## ८. एसपीपीमध्ये : फक्त आवश्यक तेवढंच, आणि याच क्रमानं

एसपीपीमध्ये फोटो "पूर्ण" करायचा नाही. त्यातून स्वच्छ, जरासा मवाळ, सगळी माहिती शाबूत असलेला टिफ काढायचा आणि बाकीचं काम पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं.

८.१ ऑटो काढा. वरती एक्स३एफ, ऑटो आणि कस्टम असे पर्याय दिसतात. ऑटो राहिलं असेल तर प्रत्येक फोटोचे स्लायडर एसपीपी स्वतः ठरवतं आणि शेजारच्या दोन फोटोंचा मेळ बसत नाही. एक्स३एफपासून सुरुवात करा. तिथून स्लायडर हलवलात की ते कस्टममध्ये जातं.

८.२ कलर मोड आणि व्हाइट बॅलन्स. न्यूट्रल किंवा स्टँडर्ड. व्हाइट बॅलन्स सगळ्या स्लायडरांच्या आधी, कारण तो बदलला की हायलाइटची जागाही सरकते. ज्यांनी एक्स्पोजर आधी लावून मग व्हाइट बॅलन्स बदलला, त्यांना सगळं पुन्हा करावं लागतं.

८.३ एक्स्पोजर. हायलाइटचा इशारा चालू करा. गरज असेल तेवढंच हलवा, ±०.५ च्या आत भागलं तर उत्तम. हायलाइटला रंगीत कड आली असेल तर हायलाइट करेक्शन लावून पाहा. बरेचदा ती कड निवळते.

८.४ कॉन्ट्रास्ट, शॅडो, हायलाइट. कॉन्ट्रास्ट थोडा उणे, −०.३ ते −०.५. तो टिफमध्ये नंतर वाढवता येतो, पण जास्त कॉन्ट्रास्टमुळे गेलेला तपशील परत येत नाही.

८.५ एक्स३ फिल लाइट. हा स्लायडर मोहात पाडतो. उजवीकडे नेला की सावल्या उघडतात आणि पहिल्या नजरेला वा वाटतं. मग क्षितिजाकडे बघा : डोंगराच्या कडेला उजळ झालर, फांद्यांभोवती वलय. +०.३ च्या पुढे मी जात नाही. बहुतेक फोटोंना तो शून्यावरच ठेवतो.

८.६ शार्पनेस. सगळ्यांत मोठी चूक इथे होते. शून्य म्हणजे "काही केलेलं नाही" असं वाटतं, पण एसपीपीच्या शून्यावर शार्पनिंग झालेलंच असतं. या सेन्सरला त्याची गरज नाही. मघाच्या दरवाज्याचा फोटो शून्यावर उघडला तेव्हा कोळ्याच्या धाग्याच्या दोन्ही बाजूंना खडूनं ओढल्यासारख्या पांढऱ्या रेषा होत्या आणि रंगाच्या पोपड्यांना काचेची धार आली होती. −१.० केलं, पांढऱ्या रेषा गेल्या, धागा बारीक आणि गोल राहिला, धुळीचे कणही जागेवर होते. बारकाव्यातलं काहीच कमी झालं नाही, खोटा भाग तेवढा उतरला. −०.७ ते −१.२ यांच्यामध्ये तुमच्या डोळ्यांना काय पटतं ते पाहा. गवत आणि दूरची झाडी असेल तर आणखी खाली.

८.७ नॉइज रिडक्शन. ल्युमिनन्सचा (उजेडातल्या दाण्यांचा) स्लायडर तळाशी. आयएसओ १०० वर त्याला काही काम नाही, आणि वर नेला तर पानांचा पोत मेणासारखा होतो. क्रोमाचा (रंगातल्या डागांचा) स्लायडर थोडा राहू द्या. रंगाचे डाग त्यानं आवरतात आणि बारकाव्यांचं फारसं नुकसान होत नाही.

> तपासा : निर्यात करण्याआधी शंभर टक्क्यांवर तीन जागा पाहा. मधोमध, एक अंधारा कोपरा, आणि आकाशाला टेकलेली एक कड. चित्र पूर्ण तयार होईपर्यंत थांबा. एसपीपीचं अर्धवट तयार झालेलं चित्र पाहून अनेक जण स्लायडर उगाच हलवत राहतात.

८.८ निर्यात. १६ बिट टिफ, मूळ आकार. रंगाची व्याप्ती अडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो आरजीबी. एक टिफ साधारण ८८ एमबीचा होतो, जागेची तयारी ठेवा. दुप्पट आकाराचा पर्याय टाळा. खरोखर मोठा प्रिंट काढायचा असेल तर मोठं करण्याचं काम शेवटी, प्रिंटच्या मापानुसार करा. एका जागेचे बरेच फोटो असतील तर सेटिंग जतन करून सगळ्यांना एकदम लावा आणि निर्यात रात्री लावून झोपा.

## ९. टिफ हातात आल्यावर

आता तुमचं नेहमीचं सॉफ्टवेअर. इथला क्रम : आधी वाकडं क्षितिज आणि क्रॉप, मग कर्व्हनं कॉन्ट्रास्ट, मग ठरावीक जागांचा उजेड, मग रंग, आणि शार्पनिंग सगळ्यांत शेवटी.

कोपऱ्यांत हिरवट किंवा जांभळट झाक असेल (डीपी१ मध्ये ती जास्त दिसते) तर तेवढ्याच भागावर मास्क घालून त्या रंगाचं सॅच्युरेशन उतरवा. पूर्ण फोटोवर फिरवलंत तर झाडांचा हिरवाही मरतो.

"क्लॅरिटी" किंवा "टेक्स्चर" यांना हात आखडता ठेवा. इतर कॅमेऱ्यांच्या फायलींना लागतं त्याच्या एक तृतीयांशानं सुरुवात करा. मेरिलच्या फाइलमध्ये बारीक कॉन्ट्रास्ट आधीच भरलेला असतो. त्यावर आणखी चढवला की माणसाच्या चेहऱ्याची त्वचा उन्हानं भाजल्यासारखी दिसते.

छापायचं असेल तर ३०० डीपीआयवर ही फाइल १५.७ × १०.५ इंचांची होते. याच्या दीडपट मोठे प्रिंटही मी काढले आहेत आणि जवळून बघताना अडचण आली नाही. नेटवर टाकायचं असेल तर आधी आकार लहान करा, मग हलकं शार्पनिंग, मग एसआरजीबीमध्ये ८ बिट जेपेग. हा क्रम उलटा केला तर बारीक फांद्या आणि तारा करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात.

## १०. कृष्णधवल : वेगळा रस्ता

रंगीत फोटो बिघडला म्हणून कृष्णधवल केला, असं सगळेच करतात. मेरिलवर ते आधी ठरवून करा, फार मोठा फायदा मिळतो. वरचा थर सगळ्यांत आधी प्रकाश पकडतो आणि त्यातला संकेत तिघांत सर्वांत स्वच्छ असतो. एसपीपीच्या मोनोक्रोममध्ये रंगांचं मिश्रण ठरवता येतं. ते निळ्याकडे झुकवलं की थरांची ती वजाबाकी टळते आणि नॉइज एकदम उतरतो. अशा रीतीनं आयएसओ ८०० सहज चालतं, आणि दाणा आवडत असेल तर १६०० ही. निळ्याकडे झुकवल्यावर आकाश उजळ आणि त्वचा गडद होते, तेव्हा चेहऱ्यांसाठी थोडं हिरव्याकडे या.

## फाइल उघडल्यावर असं दिसलं तर

सावलीत हिरवे-जांभळे डाग. प्रकाश कमी पडला. क्रोमा नॉइज रिडक्शन थोडं वाढवा, सावली मुद्दाम गडद ठेवा. पुढच्या वेळी +०.३.

सगळाच फोटो सारखा मऊ. हात हलला. फोकस चुकला असता तर कुठेतरी पुढे किंवा मागे धार सापडली असती. ती शोधा, मग कारण कळेल.

कडांना पांढऱ्या रेषा. शार्पनेस शून्यावर राहिला, किंवा फिल लाइट जास्त झाला. दोन्ही एकदम बदलू नका. एक बदला, बघा, मग दुसरा.

बारीक जाळीवर किंवा छपराच्या कौलांवर पायऱ्या-पायऱ्या. लो-पास फिल्टर नसल्यानं हे कधीकधी होणारच. इंद्रधनुषी पट्टे येत नाहीत हीच मोठी सोय. शार्पनेस आणखी उतरवा.

## क्वाट्रो असेल तर

डीपी क्वाट्रोमध्ये थर सारखे नाहीत. वरच्या थरात ५४२४ × ३६१६ पिक्सेल, खालच्या दोन्हींत प्रत्येकी त्याच्या एक चतुर्थांश. बारीक तपशील वरच्या थरातून येतो, रंग खालच्यांच्या मदतीनं ठरतो. बॅटरी बीपी-५१, मेरिलच्या जवळपास दुप्पट फोटो देते, त्यामुळे दोन पुरतात. लिहिण्याचा वेगही बरा आहे. हात स्थिर ठेवणं, आयएसओ खाली ठेवणं, हायलाइट सांभाळणं यांत काहीही सूट नाही.

क्वाट्रोची पकड मागच्या बाजूला वळलेली आहे, एका हातानं धरायला ती अवघड जाते. उजव्या हातानं फक्त बटण सांभाळा. वजन डाव्या तळहातावर, लेन्सच्या खाली घ्या. मी तसं करायला लागल्यापासून १/१२५ वर हललेले फोटो जवळपास थांबले.